भिंतीवरचा गडी

भिंत सामायिक होती, हेच मुळात दुखणं. ती हेंगअंकलच्या एकट्याच्या मालकीची असती तर त्यांनी तिच्यावर वाटेल ते चिकटवलं असतं, आणि स्वतःचा चेहरा पितरांच्या सामानात बांधला जाण्याची पाळी त्यांच्यावर आली नसती. पण पिनांगमधल्या आमच्या इमारतीत दाराच्या आतली भिंत बायकोची असते आणि दाराबाहेरची कमिटीची. नवऱ्याच्या वाट्याला भिंत येत नाही.

हेंगअंकल बंदराच्या गोदाम-कचेरीत मुख्य कारकून होते. निवृत्त झाले तेव्हा त्यांची बायको, ग्योकआंटी, सरकारी इस्पितळात वॉर्ड सांभाळत होती आणि तिची नोकरी अजून बाकी होती. तिने सरळ सांगितलं, "मी कामावर जाणार, तू घरी बसणार. म्हणजे आजपासून घर तुझं." हेंगअंकलना वाटलं, घर आपलं म्हणजे आपण त्यात बसायचं. पण रोज सकाळी पायात बूट चढवता चढवता ग्योकआंटी कामं सांगायची. मासे साफ कर, चादरी भिजव, विजेचं बिल भर, लसूण संपलाय, माझा गणवेश इस्त्री कर, कॉलर आधी कर. एवढं बोलून ती लिफ्टमध्ये नाहीशी व्हायची.

हे कागदावर लिहून घेणं हेंगअंकलना कमीपणाचं वाटे. अख्ख्या गोदामातली पोती ज्याने तोंडपाठ ठेवली, त्याने लसूण लिहून ठेवायचा? म्हणून सगळं डोक्यात राही. अंघोळ करताना गॅस आठवे, गॅस बघायला गेलं की चादरी आठवत, चादरींपाशी पोचेपर्यंत मासा मांजराने नेलेला असे. कामं संपली तरी डोकं थांबत नसे. आत कुणीतरी दिवसभर भांडी घासत बसलंय असं त्यांना वाटायचं. हा आवाज कधीतरी बंद व्हावा, एवढीच त्यांची इच्छा होती. माणसाने निवृत्तीनंतर यापेक्षा कमी काय मागावं?

एका दुपारी कचऱ्याच्या डब्यात घालायला ते सुपरमार्केटची जाहिरातपत्रकं फाडत होते. एका पानावर पापलेट होतं, दुसऱ्या पानावर इस्त्री. उगाच चाळा म्हणून त्यांनी दोन्ही कापून शेजारी शेजारी ठेवलं. कात्री चालत होती तेवढा वेळ डोक्यातली भांडी गप्प होती. हे लक्षात आल्यावर हेंगअंकल थांबतात कशाला! त्यांनी जुन्या कपाटाच्या पाठीची फळी काढली, साबुदाण्याची खळ शिजवली आणि कामाला लागले.

चित्र तयार झालं ते असं. मधोमध खाद्यतेलाच्या जाहिरातीतल्या बाईचं एप्रन बांधलेलं धड. त्याला सहा हात, सहा निरनिराळ्या पत्रकांतले, त्यातल्या एकाला लाल नेलपॉलिश. धडावर हेंगअंकलचा स्वतःचा चेहरा, निरोपसमारंभाच्या फोटोतला, टाय लावलेला आणि कृतार्थ. कवटीचा वरचा भाग पातेल्याच्या झाकणासारखा उघडा, आणि त्यातून मोजे, मासे, विजेची बिलं, पंख फुटलेली इस्त्री आणि पोटात चंद्र फिरत असलेलं वॉशिंग मशीन असं सगळं वर उडत निघालेलं. अगदी वरच्या टोकाला सोनेरी काठाचा कॉफीचा कप, कारण कप सुबक होता. खालचा कोपरा रिकामा दिसत होता म्हणून तिथे फर्निचरच्या पत्रकातली वेताची खुर्ची. खुर्चीत कुणी नव्हतं.

ग्योकआंटी ड्युटीवरून आली आणि पर्ससकट चित्रासमोर उभी राहिली. हेंगअंकलना वाटलं, भारावली.

"हे माझं डोकं आहे, हेंग," ती म्हणाली. "लग्नापासून मी हेच घेऊन फिरतेय. मी कधी भिंतीवर नाही लावलं."

"लावायचंस की! मी नको म्हणालो असतो का?"

"वेळ कुठे होता?" तिने पर्स ठेवली. "आत लावायचं नाही. नव्या वर्षाला रंग दिलाय. आणि ती खुर्ची काढ. आईची होती तसली."

खुर्चीचं हेंगअंकलच्या ध्यानातच आलं नव्हतं. सासू, सगळ्या इमारतीची आमा म्हणजे आजी, गेल्या वर्षी वारली. ती शेवटपर्यंत त्यांच्याच घरी होती आणि गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसायची. दुपारी चारला रिकाम्या कपावर चमचा वाजवायची, टिंग टिंग, म्हणजे कॉफी आणा. हेंगअंकल घरात असले तर टिंग टिंग ऐकून पेपर जरा वर धरायचे. मग ग्योकआंटी हातातलं टाकून उठायची. आमा लेकीला म्हणे, "तुझ्या नवऱ्याला डोकं चांगलं दिलंय गं देवाने. हात द्यायचे राहिले." जावयाच्या हातची कॉफी प्यायची तिची इच्छा तशीच राहून गेली.

पण खळ वाळली होती. खुर्ची काढली असती तर फळीही सोलली असती. हेंगअंकलनी चित्र तसंच नेऊन गॅलरीच्या भिंतीवर टांगलं, नेमकं आमा बसायची त्या जागेच्या वर, कारण खिळा तिथेच होता.

मग सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरच्यांनी सांगितलं की माशांची तोंडं लिफ्टकडे आहेत, घरातली लक्ष्मी लिफ्टने उतरून जाईल. समोरच्यांनी विचारलं, डॉक्टरना दाखवलं का? चित्र नव्हे, तुम्हाला. हेंगअंकल प्रत्येकाला सांगत होते की ही कला आहे, आणि सांगताना त्यांचा आवाज दर वेळी थोडा चढत होता.

चौथ्या दिवशी कमिटीचे सेक्रेटरी सेल्वराजू आले. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. नियम मोडलेला दिसला की त्यांना तरतरी येते.

"अंकल, सामायिक भिंतीवर दोनच गोष्टी चालतात," ते म्हणाले. "एक कमिटीची नोटीस. दुसरं, धर्माचं काही असेल तर. हे काय आहे?"

"कला."

"कला नियमात नाही. उद्या काढा."

"तुमच्या दारावर आंब्याची पानं आहेत ती?"

"धर्म."

"स्वीकिमच्या दारात देवाचा लाल देव्हारा?"

"धर्म. अंकल, वाद नको. कला असेल तर खाली, धर्म असेल तर वर. बोला."

मुख्य कारकुनाला रेल्वेच्या माणसाने कोंडीत पकडलं होतं, तेही सगळ्या मजल्यासमोर. दारादारांतून माणसं बघत होती. हेंगअंकलचे कान तापले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मग धर्माचंच आहे!"

"असं आधी सांगायचं," म्हणून सेल्वराजूंनी वहीत नोंद केली आणि खूश होऊन गेले. चिनी पंचांगातला सातवा महिना नुकताच लागला होता.

सातव्या महिन्यात आमच्याकडे पितर मोकळे सुटतात. त्यांना लागेल ते कागदाचं करून जाळतात, की तिकडे पोचतं. कागदी घर, कागदी मोटार, कागदी कपडे, आणि घरकामाला कागदी गडी. हे हेंगअंकलना लहानपणापासून माहीत होतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर या गोष्टींकडे पेपराआडून बघितलं, त्याच्या डोक्यात दोन आणि दोन वेळेवर कुठून एकत्र येणार?

ते स्वीकिमआंटीच्या डोक्यात आले. ही शेजारीण कोणत्या पितराला काय आवडतं हे त्याच्या मुलांपेक्षा नीट जाणते. दुसऱ्या दिवशी सकाळी हेंगअंकलनी दार उघडलं तर चित्राखाली तीन उदबत्त्या जळत होत्या, बशीत संत्री होती, आणि स्वीकिमआंटी डोळे पुसत होती.

"अंकल, मी तुम्हाला फार वाईट माणूस समजत होते," ती म्हणाली. "आमासाठी एवढं केलंत! वॉशिंग मशीन काय, इस्त्री काय. खुर्चीसुद्धा विसरला नाहीत. आणि गडी! लोक गड्याच्या अंगावर नुसतं नाव लिहून पाठवतात. काम करतो की नाही, कोण बघायला जातंय? तुम्ही स्वतःचा चेहराच दिलात."

"अहो, हे चित्र आहे. आणि मी जिवंत आहे!"

"आत्ता आहात," स्वीकिमआंटी समजुतीने म्हणाली. "आमाला परक्याच्या हातचं चालायचं नाही. बरं केलंत. आता मात्र हात लावू नका हं. दिलेली वस्तू मागे घेतली तर पितर ती स्वतः न्यायला येतात."

हेंगअंकल हसले. आत जाऊन आरशासमोर उभं राहून पुन्हा एकदा हसून पाहिलं, तेव्हा ते तितकंसं जमलं नाही.

त्याच आठवड्यात कप घसरायला लागला.

वरच्या टोकाचा तो सोनेरी काठाचा कप एका सकाळी वॉशिंग मशीनच्या शेजारी दिसला. हवा दमट, खळ साबुदाण्याची, सरकणारच. हेंगअंकलनी तो सोलून पुन्हा वर चिकटवला. दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीच्या खाली. पुन्हा वर लावला, बोटाने दाबून धरला, वरून सेलोटेप मारली. तिसऱ्या दिवशी सेलोटेप वरच होती आणि कप नेलपॉलिशवाल्या हातापाशी आला होता. बाकीचं एक चिठोरंही जागचं हललं नव्हतं. मासे जिथले तिथे, मोजे जिथले तिथे. दमटपणाने एकट्या कपाशी काय वैर धरलंय, याचा हेंगअंकलनी शांतपणे विचार करायचं ठरवलं, पण तो विचार त्यांनी घरात जाऊन, दाराला कडी लावून केला.

आणि खुर्ची. खुर्चीतली गादी पत्रकात फुगीर होती, हे त्यांनी शपथेवर सांगितलं असतं. आता ती मधोमध दबलेली दिसत होती. कुणी नुकतंच उठून गेल्यावर दबते तशी, किंवा कुणी बसलेलं असताना.

एका दुपारी ते गणवेशाला इस्त्री करत होते. कॉलर आधी. बाहेर ऊन होतं, गॅलरीत चिटपाखरू नव्हतं. टिंग टिंग असा कपावर चमचा वाजला.

डोक्यात त्या वेळी लसूण, बिल आणि उकळायला ठेवलेलं सूप एकदम बोलत होतं. त्या गोंधळात हेंगअंकल इस्त्री बाजूला ठेवून म्हणाले, "आलो!"

मग त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. सातव्या महिन्यात मागून हाक आली तर ओ देऊ नये, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. दार उघडून पाहिलं. गॅलरीत कुणी नव्हतं. कप त्या लाल नखांच्या बोटांत बरोब्बर बसला होता.

संध्याकाळी त्यांनी हे ग्योकआंटीला सांगितलं. तिने आधी त्यांचं ब्लडप्रेशर घेतलं. पट्टा सोडता सोडता तिने विचारलं, "तू 'आलो' म्हणालास?"

"चुकून."

"आई होती तोवर एकदा तरी चुकायचंस," ती म्हणाली आणि पट्टा गुंडाळत आत गेली. ही बाई रागावली असती तर बरं झालं असतं, असं हेंगअंकलना वाटलं. त्या रात्री ते उपाशीच झोपले.

सकाळी उठून त्यांनी ठरवलं, प्रतिष्ठा गेली चुलीत, आपला चेहरा तेवढा काढून घ्यायचा. कात्री घेऊन बाहेर आले तर भिंतीवर नुसता खिळा होता. कमिटीची माणसं पहाटेच सगळ्या मजल्यांचं कागदी सामान मैदानातल्या मांडवात घेऊन गेली होती.

मांडवाच्या तोंडाशी सेल्वराजू टेबल टाकून बसले होते.

"माझं चित्र चुकून आलंय, परत हवंय," हेंगअंकल म्हणाले.

"चुकून कसं? धर्माचं म्हणून नोंद आहे. तुमच्याच तोंडून."

"पूर्ण नको. चेहरा पुरे."

"अर्धी वस्तू परत द्यायची सोय नाही. अर्ज करा. कमिटी पुढच्या महिन्यात बसते."

"पण जाळणार आज ना?"

"आजच. अग्निशमनवाल्यांची परवानगी आज रात्रीपुरतीच आहे." सेल्वराजूंनी आवाज खाली आणला. "अंकल, मी तमिळ माणूस, मला यातलं फार कळत नाही. पण मीही त्या फोटोकडे बघितलं. तुम्ही टाय लावून का चाललाय?"

हेंगअंकलचा हात नकळत गळ्याशी गेला.

दिवेलागणीला मैदानात सगळी इमारत जमली. मधोमध भुतांच्या राजाचा दुमजली उंच कागदी पुतळा, बटबटीत डोळ्यांचा. त्याच्या पायांशी कागदी बंगले, मोटारी, कपड्यांच्या राशी. समोर स्टेजवर नाचगाणं चाललं होतं आणि पुढची खुर्च्यांची रांग पाहुण्यांसाठी रिकामी ठेवली होती, जे पाहुणे दिसत नाहीत त्यांच्यासाठी. हेंगअंकलनी रांगेकडे बघायचं टाळलं. तरी दिसलं: प्लास्टिकच्या खुर्च्यांत टोकाला एक वेताची होती. कुणी आणली, कुणाला ठाऊक.

पुजाऱ्यांनी मशाल लावली तेव्हा हेंगअंकल दोरीखालून आत घुसले. "अंकल, वेड लागलं का!" स्वीकिमआंटी ओरडली. कुणीतरी त्यांचा शर्ट धरला, बाही फाटून त्याच्याकडे राहिली. फळी एका कागदी बंगल्याखाली तारेने आवळलेली होती. तार सुटेना. एका बाजूने धग यायला लागली, वरून राजाची कागदी दाढी पेटून ठिणग्या पडायला लागल्या. हेंगअंकलनी गुडघ्यावर बसून आपल्याच फोटोच्या हनुवटीत नख घातलं.

ओढावं लागलंच नाही. जो चेहरा इतके दिवस पक्का बसला होता, तो अलगद हातात आला, कुणीतरी पलीकडून सोडून दिल्यासारखा. खाली बिनडोक्याचं धड राहिलं, एप्रन आणि सहा हात. लाल नखांचा हात कप घेऊन खुर्चीपर्यंत पोचला होता. हा हात खुर्चीपर्यंत कधी आला, हे बघत बसायला वेळ नव्हता. सेल्वराजूंनी आणि आणखी दोघांनी त्यांना बखोटीला धरून बाहेर ओढलं, आणि मागे सगळं एकदम भडकलं. मासे, मोजे, इस्त्री, चंद्रासकट वॉशिंग मशीन.

हेंगअंकल एका बाहीच्या शर्टात सगळ्या इमारतीदेखत घरी चालत आले. खिशात स्वतःचा चेहरा होता, एक कान जरासा करपलेला. इतकी अब्रू गेल्यावर माणसाने खरं तर तोंड लपवायचं. त्यांनी ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलं, डोळ्यांसमोर असलेलं बरं म्हणून.

आणि मग, मंडळी, डोकं शांत झालं. दुसऱ्या सकाळी ग्योकआंटीने बूट चढवताना कामं सांगितली, लिफ्ट गेली, आणि हेंगअंकलच्या डोक्यात काहीच वाजलं नाही. लसूण नाही, बिल नाही. आतली भांडी घासणारी उठून गेली होती. ते आरामखुर्चीत पेपर घेऊन बसले आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत राहिले. त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी ग्योकआंटी आली, घरभर फिरली आणि म्हणाली, "अरे वा! सगळं केलंस." हेंगअंकलनी नम्रपणे मान हलवली. आपण नेमकं काय केलं हे त्यांना आठवत नव्हतं, पण शाबासकी परत करायची त्यांची पद्धत नव्हती. असे सुखाचे दिवस चालले.

महिना सरत आला तेव्हाची गोष्ट. ग्योकआंटी रात्रपाळी करून आली होती, दुपारी झोपली होती. चारच्या सुमाराला उठून बाहेर आली ती केस न बांधताच. हेंगअंकल पेपर वाचत होते.

"आई आली होती स्वप्नात," ती म्हणाली.

हेंगअंकलनी पेपर खाली केला. "काय म्हणाली?"

"सगळं पोचलं म्हणाली. मशीन चांगलं आहे, आवाज करत नाही. मासे ताजे होते. खुर्ची तर तीच." ती थांबली. "गडीपण पोचला. म्हणे, बिनडोक्याचा आला."

हेंगअंकलनी फ्रिजकडे पाहिलं. चेहरा जागेवर होता, टाय लावून हसत होता. "मागितलं का? डोकं?"

"मीच विचारलं, पाठवू का म्हणून. नको म्हणाली. डोकं राहू दे तुमच्याकडे, त्याच्यापायीच तर सगळा घोटाळा होता. आता कसा, चमचा वाजवला की येतो. कॉफी फार छान करतो म्हणाली, हेंग." ग्योकआंटी हे सांगताना रडत होती, आणि खूशही होती. "तिची इच्छा होती ना रे."

हेंगअंकल मोठ्याने हसले. सुटलो, एवढंच त्यांच्या मनात आलं. डोकं वाचलं म्हणजे माणूस वाचला. पान उलटायला त्यांनी बोट ओलं केलं आणि जिभेला साबणाची चव लागली.

त्यांनी हात समोर धरले. सकाळपासून ते या खुर्चीतून उठले नव्हते, पाण्याला शिवले नव्हते. पण बोटांची टोकं दिवसभर भांडी घासल्यावर पडतात तशा सुरकुत्यांनी पांढरी पडली होती, आणि नखांच्या कडेला कॉफीचा काळा गाळ होता.

"काय झालं?" ग्योकआंटीने विचारलं.

"काही नाही," हेंगअंकल म्हणाले, आणि ते खरंच होतं; घर शांत होतं, गॅलरी शांत होती, त्यांच्या कानांना काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं. हातांना मात्र आलं असावं. हातांनीच पेपराची नीट घडी घातली, तो बाजूला ठेवला आणि खुर्चीचे दांडे धरून हेंगअंकलना उभं केलं.